हात बघून कॅमेरा

"मालक आहेत का?"

दुकानात शिरलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच. काउंटरमागे मी बसलेली, माझ्या पाठीशी काचेच्या कपाटात कॅमेरे मांडलेले, आणि हा माझ्या डोक्यावरून आत डोकावतोय. "मालक लग्नाला गेलेत," मी सांगायचे. मग समोरच्याचा चेहरा बघून पुढे जोडायचे, "दुसऱ्याच्या."

कर्जतच्या बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ होता. फोटो काढायचे ते आमचे हे. रिळं विकणं, जुने कॅमेरे विकणं, माथेरानला निघालेल्या हौशी मंडळींना कॅमेरा भाड्यानं देणं, हे माझं खातं. घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिन जोडायचे, तेवढ्या वेळात एखादा प्रवासी रिळासाठी स्टेशनातून धावत यायचा आणि रीळ घेऊन तसाच धावत जायचा. त्यातल्या किती जणांची गाडी चुकली, कोण जाणे. या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या धंद्याविषयी लिहा" म्हटलं, तेव्हा मी त्यांना आधीच सांगून टाकलं की मला फोटो काढता येत नाही. आयुष्यभर कॅमेरे विकले आणि फोटो काढला एकच. त्यांना वाटलं, बाई थट्टा करतेय.

मी सांगतेय तो काळ सत्तर सालच्या आगेमागचा. परदेशी कॅमेरा नवाकोरा असा सहज मिळायचाच नाही. कोणाचा भाऊ आखातातून आणायचा, कोणी बोटीवरचा माणूस घेऊन यायचा, आणि चार हात फिरून तो आमच्या कपाटात यायचा. कंपनीचं नाव वाचायच्या भानगडीत गिऱ्हाईक पडत नसे. मागणी देशाच्या नावानं. "जर्मन हाय का?" "जपानी दाखवा." जर्मन म्हणजे मजबूत आणि तोऱ्याचा. जपानी हलका आणि चलाख. रशियन असा वजनदार, की हातातून पडला तर फरशीची काळजी करावी. आणि आपला देशी डबा, ज्याच्यावर ऊन आणि ढग अशा दोनच खुणा. आभाळाकडे बघायचं, खूण लावायची आणि दाबायचं.

"सगळ्यात भारी मार्का कुठला, वहिनी?" हे विचारलं की मी म्हणायचे, "हात दाखवा."

काही जण खरंच तळहात पुढे करायचे. त्यांना वाटायचं, ही भविष्यही सांगते.

त्याचं असं आहे, मी कासाराची मुलगी. माझे वडील नेरळच्या बाजारात बसायचे आणि उरलेले दिवस पेटी घेऊन गावोगाव बांगड्या भरत फिरायचे. कासार बाईला आधी रंग विचारत नाही. आधी तिचा हात हातात घेतो. अंगठ्याखालचं हाड दाबून बघतो, बोटं जवळ आणून बघतो, हात किती मऊ पडतोय ते बघतो, आणि मग पेटीकडे वळतो. बांगडी दिसायला कितीही देखणी असो, हाताची नसेल तर ती फुटते तरी नाहीतर रक्त काढते. "हात बघून बांगडी, पोरी. बांगडी बघून हात नाही," असं वडील म्हणायचे. लग्न होऊन मी कॅमेऱ्यांत येऊन पडले, आणि दुसरं काही येत नव्हतं म्हणून तेच कॅमेऱ्यांना लावलं.

शाळेतल्या एक बाई आल्या होत्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या. त्यांना जपानी हवा होता, कारण मुंबईच्या बहिणीकडे तोच होता. जपानी डोळ्याला लावायचा असतो. चष्मा लावला तर मधे चष्मा, काढला तर समोरचं काही दिसेना. मी त्यांना दोन भिंगांचा जुना कॅमेरा दिला. तो पोटाशी धरायचा आणि वरून आत बघायचं, विहिरीत डोकावल्यासारखं. बाईंनी खाली बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, सगळं दिसतंय की." पुढे वीस वर्षं शाळेच्या सहलीचे फोटो त्यांनीच काढले.

नवीन लग्न झालेलं एक जोडपं माथेरानला निघालं होतं. तो कपाटातला प्रत्येक कॅमेरा उलटा-सुलटा करून बघत होता, ती गप्प उभी होती. मी तिचा हात बघितला आणि लहानसा, हलका कॅमेरा काढून दिला. "पण वापरणार मी आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, असू द्या. परत आले तेव्हा रिळातल्या सगळ्या फोटोंत तोच होता, घोड्यावर, दगडावर, दरीच्या काठावर, कमरेवर हात ठेवून. तिचा एकही नव्हता. कॅमेरा कोणाच्या हातात राहणार हे नवीन नवरीच्या चेहऱ्यावरून कळतं, त्याला कासाराची मुलगी असावं लागत नाही.

अंदाज चुकायचेही. खडीचा धंदा करणारा एक दांडगा माणूस आला, पंजे असे की माझे दोन हात त्याच्या एका पंजात मावावेत. मी डोळे मिटून रशियन दिला. आठ दिवसांनी तो पडेल चेहऱ्यानं परत आला. त्याला म्हणे फुलपाखरं काढायची होती.

तर काशिनाथची गोष्ट सांगायची आहे.

काशिनाथ खालापूरकडचा, भातशेती करणाऱ्या घरातला. कुंभिवलीच्या बाजूला हायवेलगत कारखाने निघाले, तेव्हा त्यातल्या एकात तो कामाला लागला. घरात पहिला पगार त्याचा. लग्न ठरलं, सुपारी फुटली, आणि महिन्याभरात त्याचा उजवा हात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये सापडला. चार बोटं गेली. अंगठा आणि अर्धा पंजा राहिला.

तो आमच्याकडे पहिल्यांदा आला तो त्याच हाताचा फोटो काढायला. भरपाईसाठी फोटो लागतो, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. ह्यांनी टेबलावर काळं कापड पसरलं, त्यावर त्याला हात ठेवायला सांगितला आणि वरून दिवा सोडला. मी दारात उभी होते. पंचविशीचा पोरगा, पण त्या हाताकडे तो असा बघत होता जसा काही तो दुसऱ्याचा कोणाचा टेबलावर विसरून राहिलाय. मी आत जाऊन चहा टाकला.

फोटो न्यायला आला तेव्हा तो गेला नाही. बाकावर बसून राहिला. मग म्हणाला, "वैनी, मी मागल्या वेळी बगत व्हतो. सायेब फोटू काडतात तवा बोट येकच लागतं ना?"

"एकच लागतं."

"बोटां तर माज्याकडं अजून पाच हायत, डाव्या हाताची. अंगठा धरला तर सा. मला हा धंदा जमंल का?"

मी त्याला विचारलं, एकदम हे कसं सुचलं. तेव्हा त्यानं सुमनचं सांगितलं. सुमन म्हणजे ठरलेली मुलगी, कुंभिवलीजवळच्या गावातली. तिच्या वडिलांना सगळे आबा म्हणत. माणूस वाईट नव्हता. त्यांनी काशिनाथला स्पष्ट सांगितलं होतं, नांगर तुला धरता येत नाही, कारखाना तुला घेत नाही, माझी पोर खाणार काय? या लगीनसराईत कशाला तरी लागलेला दिस, नाहीतर सुपारी परत घेऊन जा.

"आणि सुमन काय म्हणते?" मी विचारलं.

"ती काय म्हननार? तिला कोन इचारतंय?" मग म्हणाला, "बाजारात दिसली व्हती. म्हनाली, तुमी हात खिशात कशाला घालता?"

तेवढ्यावरून मी त्या मुलीच्या बाजूची झाले.

"हात दाखव," मी म्हटलं.

त्यानं डावा पुढे केला.

"दोन्ही."

उजवा खिशातच राहिला. मी काउंटरवर हात ठेवून बसून राहिले. वडिलांची सवय, बाई लाजत असली की ते असेच बसायचे. शेवटी त्यानं तो बाहेर काढला. मी तो माझ्या हातात घेतला आणि बांगडी भरायच्या हाताला बघतात तसा बघितला. अंगठा ताकदीचा होता. पंजा रुंद, वजन पेलणारा. मी म्हटलं, "चांगला आहे हात." त्याचे डोळे भरले. माझेही भरले असते, पण धंद्याच्या जागी बसले होते.

मग मी एकेक कॅमेरा त्याच्या हातात दिला, आणि एकेक करून दोघांचाही धीर सुटत गेला. कारण जगातल्या मार्क्यांत दुसऱ्या कशावर एकमत नसलं तरी एका गोष्टीवर आहे. दाबायचं बटण उजवीकडे. जर्मन, जपानी, रशियन, सगळ्यांचं. रीळ पुढे सरकवायची कळही उजवीकडेच. डावा हात वरून आडवा नेऊन त्यानं बटण दाबून बघितलं, तर कॅमेरा असा हलायचा की फोटोत माणसाला दोन नाकं आली असती. डब्याची कळ खाली असते, ती कशीबशी दाबता आली. पण डब्यावर लग्नं कोण देणार?

"ऱ्हाऊ द्या वैनी," तो उठला. "तुमी येवडं केलंत, तेच लई झालं."

तो पायरीपर्यंत गेला आणि मला तांदळाचा डबा आठवला.

आमच्याकडे पाऊस असा, की कपाटातल्या कपाटात भिंगाला बुरशी धरते. म्हणून चांगले कॅमेरे मी पत्र्याच्या डब्यात, भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी घालून ठेवायचे. तांदूळ ओल ओढून घेतो. तशा एका डब्यात वर्षानुवर्षं एक कॅमेरा पडून होता, ह्यांच्या घोडचुकीचं स्मारक. बोटीवरच्या एका माणसाकडून ह्यांनी तो मोठ्या आनंदात घेतला होता. पूर्व जर्मनीचा, वजनदार, चांदीसारखा चमकणारा. घरी आणून बघतात तर काय, सगळं उलटं. बटण डावीकडे, रीळ सरकवायची लांब कळही डाव्याच अंगठ्याला. का कोण जाणे, त्या कंपनीनं तो केलाच तसा होता. ह्यांनी आठ दिवस झटापट केली आणि चिडून ठेवून दिला. गिऱ्हाइकाला दाखवला तर म्हणायचं, बिघडलेला दिसतोय. दर पावसाळ्यात मी तांदूळ बदलताना ह्यांना टोमणा मारायचे, की माझ्या सवतीला जेवायला वाढलं हो.

"काशिनाथ, थांब रे," मी हाक मारली.

डब्यातून काढून तो मी त्याच्या हातात ठेवला. उजवा अर्धा पंजा भिंगाखाली टेकू देऊन बसला, अंगठा भिंगाच्या कड्यावर आपोआप आला. डावं बोट बटणावर. त्यानं कळ ओढली, बटण दाबलं. खट् असा आवाज झाला. पुन्हा ओढली, पुन्हा दाबलं.

गिऱ्हाइकांना केस विंचरायला भिंतीवर आरसा होता, तो त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि हसला. मी त्याला प्रथमच हसताना बघत होते.

"वैनी, आरशातला मानूस तर उजव्या हातानं काडतो हाय."

त्या दिवसापासून तो रोज यायचा. आधी रिळाशिवाय नुसता खट् खट्. बकऱ्या, टांगेवाले, पोस्टातले कारकून, कोणाला सोडलं नाही. हे त्याला शिकवायला बसले आणि शिकवता शिकवता कबूल करून गेले, की कॅमेऱ्यात खोट नव्हती.

लगीनसराई संपत आली तरी त्याला एकट्याला लग्न द्यायला कोणी तयार होईना. आबांची मुदत सरत होती. शेवटी एका मुहूर्ताला ह्यांच्याकडे दोन लग्नं आली. एक नेरळला, आणि दुसरं नेमकं सुमनच्या गावात, तिच्या चुलतबहिणीचं. हे नेरळला गेले. गावातल्या लग्नाला काशिनाथ निघाला, आणि लग्नघरच्यांना धीर म्हणून मी त्याच्याबरोबर.

मांडवात आबा पुढेच बसले होते. सुमन बायकांत, मान खाली घालून सगळं बघणारी. भटजींची मंगलाष्टकं चालू झाली. अंतरपाट दूर होतो तो क्षण लग्नाच्या फोटोतला सगळ्यात महत्त्वाचा. तो गेला की परत मांडव घालावा लागतो. काशिनाथनं कॅमेरा वर केला, आणि नवऱ्या मुलाचे मामा मधे आले.

"थांब रं. डाव्या हातानं? शुभकार्यात डावा हात?"

मंगलाष्टक थांबलं. कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, खरंच की. कोणी म्हणालं, दुसरा फोटोग्राफर नाही का. काशिनाथनं कॅमेरा खाली घेतला. त्याचा उजवा हात खिशाकडे निघालेला मला दिसला, आणि आबा स्वतःच्या पायांकडे बघत होते. मला बोलायचं होतं, पण मी परगावची, परक्या मांडवातली. तेवढ्यात बायकांतून आवाज आला.

"काय रं भाऊ, तुज्या आयेनं तुला कंच्या हातावर वाडवला?"

त्या सुमनच्या आजी, आबांच्या आई. मांडीवर अक्षतांचं ताट घेऊन बसलेल्या.

मामा गोंधळले. "आँ?"

"आरं, पोर कडंवर कंच्या हाताला घेतात? डाव्या. उजवा चुलीला, इळ्याला, कामाला लागतो. डाव्या हातानं पोरां जगवली आमी. तवा आपशकून नाय झाला तो?"

मांडवातल्या यच्चयावत बायका हसल्या. हातात मूल असलेल्या तिघी-चौघींनी खाली बघितलं, आणि सगळ्यांची मुलं खरोखर डाव्याच कडेवर होती. मामाही माणूसच. त्यांनी फेट्याखाली डोकं खाजवलं आणि म्हणाले, "काड रं बाबा, काड. म्हातारीफुडं कोन बोलंल."

अंतरपाट खाली आला. खट् झालं.

फोटो तयार झाल्याचं कळल्यावर न्यायला नवरीचे वडील यायचे होते, ते आले नाहीत. आबा आले. "मालक आहेत का" असं न विचारता सरळ माझ्यासमोर बसले आणि एकेक फोटो लांब धरून बघू लागले. अंतरपाटाचा स्वच्छ आला होता. ते बघून त्यांनी नुसतं हूं केलं. मग एका फोटोवर थांबले. त्यात त्यांच्या आई होत्या. अक्षतांचं ताट मांडीवर, तोंडात एक दात, आणि मान मागे टाकून हसताहेत. काशिनाथनं तो कधी काढला, मलाही कळलं नव्हतं.

"आयेचा फोटू घरात येक पन नाय," आबा म्हणाले. "कॅमेरा बगितला की ती तोंड फिरवते."

"त्यांना कळलंच नाही," मी म्हटलं.

त्यांनी तो फोटो पुन्हा लांब धरला. मग फोटो खिशात ठेवला, उठले, आणि पायरीवरून वळून म्हणाले, "हात कसा बी असू दे वैनी. पोरगा बगतो बरा."

तुळशीची लग्नं झाली, भात कापून झालं, आणि काशिनाथचं लग्न निघालं. सकाळी तो नवरदेवाच्या मुंडावळ्या बांधून माझ्यासमोर उभा. ह्यांचा कॅमेरा ह्यांच्या गळ्यात होताच. पण त्यानं स्वतःचा, तांदळाच्या डब्यातला, माझ्या हातात दिला.

"येक फोटू तुमी काडा. हाच्यातनं."

"अरे, मला येत नाही."

"मला तरी कुठं येत व्हता?"

मी कॅमेरा गळ्यात अडकवला.

भटजींनी नवऱ्या मुलाला हात पुढे करायला सांगितला. काशिनाथनं सवयीनं डावा केला. "उजवा," भटजी म्हणाले, मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते थबकले. उजवा हात उपरण्याखाली होता. आबा पुढे सरकले, पण त्यांच्याआधी सुमननं स्वतः उपरणं बाजूला केलं, तो हात बाहेर काढला, आणि आपल्या दोन्ही हातांत धरून सगळ्यांसमोर वर ठेवला. नवऱ्या मुलीनं असं करायचं नसतं. तिनं केलं.

मी बटण दाबलं. माझ्या बांगड्या वाजल्या, आणि मला वाटलं, बिघडवला मी फोटो.

काशिनाथनं पुढे पुष्कळ वर्षं त्या भागातली लग्नं काढली. आबांच्या आईंच्या त्या फोटोला पुढे चंदनाचा हार आला, तोही त्यानंच नेऊन घातला. आता आमचं दुकान बंद झालं, हे गेले, आणि आताचा कॅमेरा फोनच्या पोटात आला. तो सगळ्यांच्या हातात सारखाच बसतो म्हणतात. बसत असेल. पण कोणी कोणाचा हात हातात घेऊन बघत नाही, एवढं मला राहून राहून वाटतं.

मी काढलेला तो एकमेव फोटो काशिनाथच्या घरात दारासमोरच लावलेला आहे. सुमन मला अजून चिडवते, की वहिनी, आमचे चेहरे घालवलेत तुम्ही. खरं आहे. काशिनाथचा चेहरा पुसट, सुमनचा पुसट, भटजींची नुसती शेंडी ओळखू येते. त्या हाताचा पहिला फोटो आमच्याच स्टुडिओत निघाला होता, काळ्या कापडावर, एकटा. या दुसऱ्या फोटोत तो हिरव्या चुड्याच्या दोन हातांत आहे, आणि भिंग मी नेमकं तिथेच लावलं होतं. चेहऱ्यांकडे बघायचं राहूनच गेलं.